नखभर प्रश्न

आषाढात धानाची रोवणी लागली की गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्याच्या शिवारातल्या बायकांचे हात उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चिखलात असतात. पऱ्ह्यांची जुडी डाव्या हातात, उजव्या हाताची बोटं बांधीच्या गाळात, रोप उभं राहिलं की एक पाऊल मागे. आठवडाभरात नखांच्या कडा मऊ पडतात, बाजूची कातडी पांढरी होऊन सुटायला लागते आणि नखाखालची काळी रेघ साबणाला दाद देत नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, एरवी विड्या वळणं. विडीचं तोंड आत दुमडायलाही नखच लागतं, नाहीतर छोटी लोखंडी काडी. गोंदिया जिल्ह्यात नख आधी अवजार असतं, मग दागिना.

अशा गावातली एखादी मुलगी मोबाइलवरच्या रील बघून 'मला जेल नेल्स शिकायचंय' म्हणते, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघतो फीचा. दुसरा त्याच्या पाठोपाठ येतो. हे काय काम आहे का? शिवणकाम समजू शकतं, नर्सिंग समजू शकतं. पण दुसऱ्याची नखं रंगवून पोट भरायचं? आजी तेवढ्यात आठवण करून देते की रात्री नखं कापू नयेत, शनिवारी तर नाहीच. नखांशी अशुभ काहीतरी चिकटलेलं आहे, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. सुतक फिटताना केस आणि नखं दोन्ही उतरवतात, ते उगाच नाही.

फीचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. दुसरा मात्र फार जुना आहे, आणि त्याची नोंदही आहे.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. संघातल्या सहा उनाड भिक्षूंच्या टोळक्याने हातापायांची वीसच्या वीस नखं घासून-पुसून चकचकीत करून घेतली. लोक कुजबुजले की हे तर संसारातले चैनी लोक दिसतात. गोष्ट बुद्धांच्या कानावर गेली आणि नियम झाला: नखं चमकवून घ्यायची नाहीत, मळ मात्र काढायला हरकत नाही. नखं कापायच्या साधनालाही परवानगी मिळाली. म्हणजे आज ज्याला मॅनिक्युअर म्हणतात, त्यातलं स्वच्छतेचं अर्धं अंग मान्य झालं आणि चमकेचं अर्धं नामंजूर. यातली गंमत वेगळीच. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली, तिथे विनयाचे नियम ज्याने सांगितले तो उपाली मूळचा शाक्यांचा न्हावी. नखांवरचा नियम सांगायला नखांतल्याच जाणकाराइतका योग्य माणूस दुसरा कोण मिळणार!

पण हा नियम भिक्षूंसाठी आहे. गृहस्थांसाठी बुद्धांनी दुसरीच यादी दिली. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार मोजले आहेत: शस्त्रांचा, जिवंत प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. या यादीत शृंगार नाही. रंग, गंध, दागिने, आरसा यांपैकी काहीही विकायला उपासकाला बंदी नाही. विष विकायला आहे. अष्टांगिक मार्गातली सम्यक आजीविका ती हीच. पूर्व विदर्भात बाबासाहेबांच्या वाटेने गेलेल्या घरांमध्ये हा शब्द नवा नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरवरही तो दिसतो.

आणि इथेच आपल्याकडे गल्लत होते. घरचे लोक मुलीच्या नखांना भिक्षूचा नियम लावतात आणि तिच्या धंद्याला गृहस्थाचा नियम लावायला विसरतात. नटणं वाईट का, यावर तासभर वाद होतो. बाटलीत काय आहे, हे कोणी विचारत नाही.

तर बाटलीत काय असतं ते बघू. जेल म्हणजे नेहमीचं नेलपॉलिश नव्हे. नेलपॉलिश हवेत वाळतं, जेल हवेत कितीही वेळ ठेवलं तरी वाळत नाही. त्यात अॅक्रिलेट जातीचे छोटे रेणू असतात. दिव्याची अतिनील किरणं पडली की ते एकमेकांना पकडून साखळ्या करतात आणि मिनिटभरात कडक कवच तयार होतं. हे रसायन दंतवैद्यकाच्या घरातलं आहे. कृत्रिम दात बसवायच्या अॅक्रिलिकवरूनच नकली नखांची कल्पना अमेरिकेत निघाली. साखळी पूर्ण जुळली तर कवच निरुपद्रवी. अर्धवट जुळली, किंवा ओलं जेल नखाऐवजी बाजूच्या कातडीला लागलं, तर सुटे रेणू शरीरात शिरतात आणि कधीतरी एक दिवस शरीर त्यांना शत्रू ठरवतं. मग बोटांची टोकं खाजतात, सोलतात, नख सुटून येतं. ही अॅलर्जी सहसा जन्मभर सोबत राहते. पुढे दातात फिलिंग करायचं असेल, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत हाडाचं सिमेंट लागणार असेल, तरी डॉक्टरला आधी सांगावं लागतं, कारण तिथेही हीच मंडळी असतात.

यातलं सर्वांत कुप्रसिद्ध नाव हेमा. युरोपीय संघाने २०२१ पासून हेमा असलेल्या नखांच्या उत्पादनांवर 'फक्त व्यावसायिक वापरासाठी' आणि अॅलर्जीचा इशारा छापणं सक्तीचं केलं. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये अॅलर्जीची चाचणी झालेल्या रुग्णांचा हिशेब मांडला, त्यांतल्या २.४ टक्के रुग्णांना अॅक्रिलेटपैकी कशाची ना कशाची अॅलर्जी निघाली. दुसरं नाव टीपीओ. दिवा लागल्यावर साखळी सुरू करून देणारं हे रसायन. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मोठ्या मात्रेने प्रजननक्षमतेवर परिणाम दिसले, म्हणून १ सप्टेंबर २०२५ पासून युरोपीय संघात ते कोणत्याच सौंदर्यप्रसाधनात चालत नाही. बोटावरच्या थेंबाने कोणाला अपाय झाल्याचं यातून सिद्ध होत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. दिव्याचंही तसंच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नखांच्या दिव्याखाली वीस मिनिटं ठेवलेल्या पेशींपैकी वीस ते तीस टक्के मेल्या आणि उरलेल्यांच्या डीएनएमध्ये बिघाड दिसले. पण त्या बशीतल्या पेशी होत्या, माणसाचा हात नव्हता. घाबरवून सोडणं हासुद्धा एक प्रकारचा खोटेपणाच.

तरी एक प्रश्न उरतो. ब्रसेल्समध्ये जी बाटली विकता येत नाही, तीच उद्या गोंदियाच्या बाजारातून कामठ्यातल्या टेबलावर आली तर धर्म बदलतो का? कायदा सीमेवर थांबतो. विषाच्या व्यापाराला नको म्हणणाऱ्या त्या यादीत देशाचं नाव लिहिलेलं नाही.

गोंदियात तर या गोष्टीला जुनी स्थानिक किनार आहे. शहराचं नाव गोंदावरून पडलं, जंगलातला गोंद आणि लाख इथे गोळा होऊन बाजारात यायची, असं सांगतात. पळसाच्या, कुसुमाच्या फांदीवर लाखेचे किडे हजारोंनी चिकटून राळ सोडतात. ती खरवडून, वितळवून लाख होते. संस्कृतात लाक्षा, तिच्या रंगाचा अळता, आणि तो बायकांच्या तळपायांना आणि नखांना लावायचा. इंग्रजांनी तिला शेलॅक केलं. २०१० मध्ये एका अमेरिकन कंपनीने बाटलीतल्या जेल पॉलिशला हेच नाव दिलं, आणि आज कितीतरी ठिकाणी जेल पॉलिशलाच 'शेलॅक' म्हणतात. लाखेशी त्याचा संबंध नावापुरता, चमकेपुरता.

आता जैनांची यादी बघा. श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे उपासकदशा सूत्रात सांगितले आहेत, त्यात विषवाणिज्य आहे आणि लाक्षावाणिज्यही आहे. लाखेचा व्यापार नको, कारण तिच्यात असंख्य जीव मरतात. बुद्धांच्या यादीत लाख नाही. जैन आचार्यांनी किड्यापर्यंत नजर पोहोचवली. आजच्या जेलमध्ये लाख नाही, म्हणजे किडे वाचले. त्यांच्या जागी दिवसभर ब्रश धरणाऱ्या मुलीची बोटं आली. ग्राहकाच्या हाताला ओलं जेल लागलं तर तीन आठवड्यांतून एकदा लागेल, तिच्या हाताला रोज आठ वेळा लागेल. पातळ हातमोजेही फार पुरत नाहीत. अॅक्रिलेट त्यांतून काही मिनिटांत आरपार जातं, म्हणून निदान नायट्राइलचे घालायचे आणि डाग पडला की लगेच बदलायचे. विदर्भाला हे चित्र परकं नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, तेव्हाही प्रश्न तोच होता: बाटली कोणाची, हात कोणाचे, मोजे कुठे?

म्हणून शिकायला कुठे जायचं, हा निर्णय दिसतो तितका निव्वळ करिअरचा नाही. एका दिवसाचे वर्ग आहेत, तीन दिवसांचे आहेत, आठवड्याचे आहेत; आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा वर्षाचा अभ्यासक्रम आहे; १९ ऑक्टोबर २०२३ ला महाराष्ट्रात एकाच दिवशी ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली. पर्याय नाहीत असं नाही. एका दिवसाच्या वर्गात रंगकाम शिकवतात: ओंब्रे, फ्रेंच, चकाकीची पूड. फोटो छान येतात. पण चौकशी करायला गेलेल्या मुलीने शिक्षिकेला एकच विचारावं. जेल काढायला किती तास शिकवता?

कारण लावण्यापेक्षा काढण्यात कसब आहे. वरचा थर कानशीने हलका घासायचा, अॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइल गुंडाळायची आणि दहा-पंधरा मिनिटं हात जोडून बसायचं. जेल आपोआप सुटून वर येतं. धीर नसेल तर ते ओढून काढता येतं, दोन मिनिटांत. मग त्याबरोबर नखाचा पापुद्राही येतो आणि कागदासारखं पातळ नख खाली उरतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. ओढून काढलेलं नख मुळापासून नवं यायला सहा महिने जातात. लावतानाही तसंच: ब्रश कातडीपासून केसभर अलीकडे थांबवायचा, थर पातळ घ्यायचा, जेल ज्या दिव्यासाठी बनलंय तोच दिवा वापरायचा. जाड थर दिव्याखाली गेला की नख चटकन तापतं आणि ग्राहक हात मागे ओढतो. त्या चटक्याला हसून 'थोडं सहन करा ताई' म्हणणारी आणि हात बाहेर काढून पुढचा थर पातळ लावणारी, या दोघींचं प्रशिक्षण वेगळं झालेलं असतं.

गीतेने योगाची एक व्याख्या कर्मातलं कौशल्य अशी केली आहे. शाळेच्या भिंतीवर ती इतक्यांदा रंगवली गेली की तिचा अर्थ पुसट झाला. केसभर अलीकडे थांबलेला ब्रश पाहिला की तो थोडा परत दिसतो.

यावर कोणी म्हणेल की एवढी भीती असेल तर हा धंदाच सोडावा. या टोकाच्या शुद्धतेला महाभारताने उत्तर देऊन ठेवलंय. वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण मिथिलेला एका खाटकाकडे धर्म शिकायला जातो. हा धर्मव्याध दुकानात बसून मांस विकत असतो. स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो. पण या पळवाटेवर तो फार विसंबत नाही. उलट ब्राह्मणाला विचारतो, नांगर फिरतो तेव्हा जमिनीतले किती जीव मरतात? साळीचे दाणे तरी निर्जीव असतात का? धानाच्या कोठारात बसून हे वाचताना जरा चपापायला होतं. निर्मळ धंदा कोणाचाच नाही, भाताचाही नाही. आपल्या हातून काय होतं हे ठाऊक असणं आणि टाळता येईल तेवढं टाळणं, व्याधाने एवढीच अट धरली आहे.

१९७५ मध्ये व्हिएतनाममधून जीव वाचवून अमेरिकेला पोहोचलेल्या वीस बायकांपुढे तर एवढाही विचार करायची चैन नव्हती. कॅलिफोर्नियातल्या निर्वासितांच्या छावणीत हॉलिवूडची अभिनेत्री टिपी हेड्रेन त्यांना भेटायला जायची. तिची नखं त्यांना आवडली. तिने आपल्या मॅनिक्युअर करणाऱ्या बाईला छावणीत बोलावून त्यांना ते काम शिकवलं. आज अमेरिकेतल्या नखांच्या धंद्यात व्हिएतनामी लोकांचं जे वर्चस्व आहे, त्याची एक सुरुवात या वीस जणींपाशी सांगतात. त्यांनी नखं निवडली ती भातासाठी.

कामठ्याच्या मुलीला निवड आहे, आणि ही निवड तिच्या पणजीला नव्हती. कामठा जुन्या जमीनदारीचं गाव. १८१८ मध्ये इथल्या चिमणा पटेलाने इंग्रजांविरुद्ध बंड केलं होतं. जमीनदारीच्या गावात कोणी कोणाची नखं काढायची, हे जन्माने ठरलेलं असे. तिकडे उत्तरेत लग्नाआधी न्हाविणीने नवरदेवाची नखं काढून पायांना अळता लावण्याचा नहछू विधी इतका मानाचा, की तुलसीदासांनी त्यावर 'रामलला नहछू' नावाचं काव्यच रचलं. पण हाच वस्तरा आणि नखं काढायची हीच नऱ्हाणी गावकुसाबाहेरच्या माणसाच्या हाताला लागत नसे. न्हाव्याने दलितांची हजामत करायची नाही, हा देशातल्या गावोगावचा अलिखित कायदा होता, आणि काही ठिकाणी तो मोडायला भांडावं लागलं.

संत सेना न्हावी या पार्श्वभूमीवर वाचायला हवेत. आपल्या धंद्याचंच रूपक करून त्यांनी रचलेल्या अभंगात विवेकाचा आरसा आहे, वैराग्याचा चिमटा आहे, आणि काढून टाकायची नखं आहेत ती काम-क्रोधाची. शेवटी चारी वर्णांना हात देऊन सेना निवांत होतात. रूपकाच्या आत एक साधी गोष्ट दडली आहे. न्हाव्याला हात धरावाच लागतो.

जेल करणाऱ्या मुलीला तर तो तासभर धरावा लागतो. टेबलाच्या दोन बाजूंना दोघी, मध्ये छोटी उशी, तिच्यावर हात. कुणबी, पोवार, लोधी, गोंड, बौद्ध, मुसलमान. बोट वर करून धरलं की नखाला आडनाव नसतं. कामठ्यातल्या लहरी आश्रमात दर्शनाला आलेल्या रांगेतही हात शेजारी शेजारी जोडले जातात, पण कोणी कोणाचा धरत नाही. हे काम शिकणारीने आधी स्वतःला विचारून बघावं की आपण सगळ्यांचे धरू का. फीच्या पावतीवर ही अट लिहिलेली नसते.

हात धरला की जबाबदारीही येते. नमाज पढणाऱ्या बाईच्या बोटांवर जेल चढवायचं, तर नमाजाआधीच्या वुजूचं पाणी नखापर्यंत पोहोचणार नाही आणि हे तीन आठवडे निघणार नाही, हे आधी सांगायला हवं. मेंदी चालते, कारण ती रंगते पण थर धरत नाही. पोलंडच्या इंग्लॉट कंपनीने पाणी झिरपू देणारं पॉलिश काढलं, त्यावर आलिमांचं एकमत नाही. ते ठरवणं नखवालीचं काम नव्हे, सांगणं मात्र आहे. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया असलेल्या बाईलाही नाही म्हणायला हवं. भूल देताना डॉक्टर नखांचा रंग बघतात, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात, आणि जेलखाली दोन्ही फसू शकतं. सिकलसेल आणि रक्तक्षय या पट्ट्यात इतके आहेत, की फिकट नख हा इथे डॉक्टरांसाठी अक्षरशः निरोप असतो. त्यावर गुलाबी रंग चढवण्याआधी एकदा नीट बघायला काय जातं?

जातं ते उत्पन्न, आणि गाडं अडतं ते इथे. बलुतेदारीत न्हाव्याला वर्षाचं धान्य ठरलेलं असे. अन्याय त्यात पुष्कळ होता, पण एक गोष्ट होती: जास्त वेळा वस्तरा फिरवून त्याला जास्त दाणे मिळत नसत. नखवालीला दर बोटाचे पैसे मिळतात. नाही म्हटलं की दिवस रिकामा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक कारागिरांमध्ये न्हावी आहे, त्याला अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि सवलतीचं कर्ज मिळतं. जेल करणाऱ्या मुलीचा धंदा त्या अठरांत वेगळा मोजलेला नाही.

समजा, पोळा झाला आहे, रोवणी कधीच आटोपली, आणि एक बाई येते. भाचीचं लग्न ठरलंय, जेल करून द्या म्हणते. डाव्या अंगठ्याचं नख कडेला सुटलेलं, त्याखाली हिरवट डाग. ओलाव्यात वाढणाऱ्या जिवाणूंचा असा डाग जेलखाली झाकला की आत पसरतो. वर्ग नीट झालेला असेल तर मुलीला हे कळेल. ती दिवा बंद ठेवेल, सुटलेलं नख हळूच कापेल, कडा गोल करेल, हात कोरडा ठेवायला सांगेल, आणि हिरवा डाग डॉक्टरला दाखवा म्हणेल. उरलेल्या नऊ नखांना कानस आणि खोबरेल. वीस मिनिटं गेली. बाई ब्लाउजमधून छोटं पाकीट काढते आणि विचारते, 'मग बाई, किती झाले?'

मुलगी हातमोजे काढता काढता थांबते. रंग तर लावलाच नाही.